कडेमच्या काठी सात दिवस

समुद्राच्या काठी वाढलेल्या माणसाला मासा म्हटले की समुद्रच आठवतो. पापलेट, घोळ, सुरमई, बोंबील ही आपल्या घरातली नावे. परंतु आपल्या देशात अशी लक्षावधी कुटुंबे आहेत की, ज्यांनी समुद्र कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही आणि तरीही ज्यांची चूल माशावरच पेटते. त्यांचा समुद्र म्हणजे नदी, गावचा तलाव किंवा एखाद्या धरणाचे अडविलेले पाणी. त्यांचे पापलेट म्हणजे रोहू, कटला आणि मृगळ. गोड्या पाण्यातील या मोठ्या खवल्यांच्या माशांच्या कुळाला कार्प असे म्हणतात. हे मासे कसे वाढतात, कसे धरतात आणि त्यांच्यावर जगणारी माणसे कशी राहतात, हे पाहावे म्हणून गेल्या फेब्रुवारीत आम्ही आदिलाबादकडे गेलो. तेथील कडेम जलाशयाच्या काठी एक आठवडा राहण्याचा योग आला. त्या आठवड्याची हकिगत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आदिलाबाद हे नाव आपल्याला परके वाटते. पण ते तितके परके नाही. नांदेडहून किनवटमार्गे आगगाडीने गेले की, महाराष्ट्राची हद्द केव्हा संपली हे भाषेवरून कळत नाही. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. भाषावार प्रांतरचनेच्या वेळी ते तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. उत्तरेला पैनगंगा ही सीमा. पण तिच्या दोन्ही तीरांवर मराठी बोलली जाते. जैनथ, बेला या भागातील खेड्यांत आजही घराघरांतून मराठी ऐकू येते. तिच्यात तेलुगू शब्द सहज मिसळलेले असतात, आणि डोंगराकडे वळले की गोंडी कानी पडते. १९४० साली जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांशी लढताना ज्याने प्राण दिले, तो गोंडांचा पुढारी कोमराम भीम याच मुलखातला. २०१६ साली तेलंगण सरकारने या जुन्या, विस्तीर्ण जिल्ह्याचे चार जिल्हे केले, तेव्हा कडेमचा जलाशय निर्मल जिल्ह्यात गेला. त्याला पाणी पुरविणारी नदी मात्र आजच्या आदिलाबाद जिल्ह्यातील डोंगरांतूनच येते.

आमच्याबरोबर आदिलाबादचे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांना सारे गुरुजी म्हणत. आम्हीही तेच म्हणू लागलो. प्रथम नदी पाहा, मग तलाव पाहा, असा त्यांचा आग्रह पडला. म्हणून हमरस्त्यावरील नेरडीगोंडा या गावाहून आत वळून आम्ही कुंटाला धबधबा पाहिला. सुमारे दीडशे फूट उंचीच्या काळ्या कातळावरून कडेम नदी पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरते. फेब्रुवारीत तिची धार बारीक झाली होती. सभोवारच्या जंगलात पळस फुलला होता. गुरुजी म्हणाले, “आज ही नदी म्हणजे सुताचा धागा आहे. पण आषाढ-श्रावणात हिचे रूप पाहाल तर धरण बांधणाऱ्यांची छाती एवढी मोठी होती काय, असे वाटेल.” पुढे महबूब घाट उतरून, लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या निर्मल गावावरून, खानापूरच्या वाटेने आम्ही कडेमला पोहोचलो.

धरणाची कहाणी

गुरुजींचे ते वाक्य अतिशयोक्तीचे नव्हते. कडेमचे धरण बांधण्यास १९४९ साली आरंभ झाला. ऑगस्ट १९५८ मध्ये पुराचे पाणी बांधावरून वाहू लागले आणि डाव्या बाजूस जवळजवळ १३७ मीटर रुंदीचे खिंडार पडले. पुन्हा बांधकाम करून १९६५ साली काम पुरे झाले. १९९५ साली बांध पुन्हा फुटला. त्यानंतर जुलै २०२२ मध्ये तर अशी रात्र आली की, धरणात दर सेकंदाला पाच लाख घनफुटांच्या आसपास पाणी येत होते आणि सर्व दरवाजे मिळून सुमारे तीन लाख घनफूटच सोडण्याची शक्ती होती. अठरा दरवाजांपैकी एक उघडेनासा झाला. खालच्या गावांतील माणसांना रातोरात हलवावे लागले. त्या वेळी धरण टिकले.

असे हे पाणी. पूर्ण भरले म्हणजे समुद्रसपाटीपासून सातशे फुटांची पातळी गाठते आणि खालच्या हजारो एकर भातशेतीला कालव्याने जाते. उत्तरेकडे डोंगर आणि दाट सागवानी जंगल आहे. जवळच्याच कव्वाल अभयारण्याला २०१२ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. सकाळी धुके विरले की, पाण्यात डोंगराची सावली पडते आणि बुडालेल्या झाडांच्या सुक्या शेंड्यांवर पाणकावळे पंख वाळवीत बसतात. देखावा फार सुंदर. पण आम्ही देखावा पाहण्यास आलो नव्हतो. आम्ही पाण्याच्या आत काय आहे ते पाहण्यास आलो होतो.

तीन मासे, तीन मजले

गुरुजींच्या ओळखीने जलाशयावरील एका वृद्ध मच्छीमाराच्या घरी आमची सोय झाली. आम्ही सर्वजण त्यांना अन्ना म्हणत असू. अन्ना तेलुगू बोलत, आमच्याशी मोडक्या मराठीत बोलत, आणि जेथे दोन्ही अपुरे पडत तेथे गुरुजी धावून येत. मासे धरण्याची परवानगी त्यांनीच आम्हाला मिळवून दिली.

पहिल्याच संध्याकाळी अन्नांनी आम्हाला माशांची ओळख करून दिली. कटला, ज्याला तिकडे बोच्चे म्हणतात, त्याचे डोके मोठे आणि तोंड वरच्या बाजूस वळलेले. तो पाण्याच्या वरच्या थरात तरंगणारे सूक्ष्म जीव खातो. रोहू, म्हणजे त्यांचा रव्वा, याचे तोंड किंचित खाली आणि ओठाला झालरीसारखी कड. तो मधल्या थरात चरतो. मृगळाचे तोंड खालच्या बाजूस, कारण त्याचे अन्न तळच्या गाळात. एकाच घराच्या तीन मजल्यांवर तीन बिऱ्हाडे राहावीत आणि कोणी कोणाच्या ताटातले उचलू नये, तशी ही निसर्गाची व्यवस्था आहे. म्हणूनच तलावात हे तिन्ही मासे एकत्र सोडतात. याशिवाय सायप्रिनस नावाचा परदेशी कार्पही भारतात बराच पसरला आहे. त्याची बँकॉककडील जात १९५७ साली आपल्या देशात आली. तो तळची माती उकरून खातो.

यानंतर अन्नांनी जे सांगितले, ते ऐकून मात्र आम्हाला आश्चर्य वाटले. रोहू, कटला, मृगळ हे मासे स्थिर पाण्यात अंडी घालीत नाहीत. त्यांना पावसाळ्यातील वाहते, गढूळ, चढते पाणी लागते. पूर आला की ते नदीत वरच्या बाजूस चढू लागतात आणि काठच्या उथळ पाण्यात अंडी सोडतात. वर धबधबा आणि खाली बांध अशा नदीत त्यांना फिरण्यास जागा किती उरणार? म्हणून जलाशयातील कार्प मासा बहुधा माणसाने आणून सोडलेला असतो. शेतात जशी पेरणी, तशी पाण्यातही पेरणी! त्या पेरणीच्या बियाण्याला मत्स्यबीज म्हणतात. नुकत्या जन्मलेल्या पिलांना जिरे आणि बोटाएवढ्या झालेल्या पिलांना बोटुकली असे म्हणतात.

पूर्वी हे बीज बंगालच्या नद्यांतून येत असे. पुराच्या पाण्यात जाळी लावून जिरे गोळा करीत, मातीच्या हंड्यांत भरीत आणि हावड्याहून आगगाडीने दूरदूर पाठवीत. हंड्यांतील पाणी नासू नये म्हणून बरोबरची माणसे वाटभर ते हाताने ढवळीत बसत. नदीतून कोणत्या जातीचे पिलू येईल याचा भरवसा नसे. ही अडचण हिरालाल चौधरी या भारतीय शास्त्रज्ञाने सोडविली. एका माशाच्या डोक्यातील पीयूषिका ग्रंथीचा अर्क दुसऱ्या माशाला टोचून १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्प माशांची कृत्रिम वीण यशस्वी करून दाखविली. आज देशभर जी मत्स्यबीज केंद्रे दिसतात, त्यांचे मूळ त्या दिवसात आहे. १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो, तो यासाठीच. तेलंगण सरकारने २०१६ पासून तलावांत विनामूल्य मत्स्यबीज सोडण्याची योजना हाती घेतली. जे तलाव उन्हाळ्यात आटतात त्यांत दीड इंचाचे पिलू आणि बारमाही पाण्यात तीन ते चार इंचांची बोटुकली, असा त्या योजनेचा हिशेब. मोठ्या पाण्यात शत्रूही मोठे असतात. मरळ मासा, ज्याला तेलंगणने आपला राज्यमासा मानले आहे, तोच लहान पिलांचा मोठा भक्षक आहे.

गळ टाकून बसणे

दुसऱ्या दिवसापासून आमची मासेमारी सुरू झाली. समुद्रावर जाळे टाकणाऱ्यांना गळाची मासेमारी हा पोरखेळ वाटतो. परंतु मोठा कार्प गळाला लावणे ही धीराची परीक्षा आहे. या माशाच्या जबड्यात दात नसतात. अन्न चावण्याचे दात घशात असतात. तो आमिष हिसकावून घेत नाही, तर ओठांनी चाचपतो, आत ओढतो आणि न रुचल्यास तसेच बाहेर टाकतो. म्हणून आमिषाकडे फार लक्ष द्यावे लागते. अन्नांच्या घरी भाताचा कोंडा आणि भुईमुगाची पेंड भाजून त्यात थोडी कणीक मळली जाई. त्या पिठाचा लिंबाएवढा गोळा करायचा आणि त्याच्या भोवती आखूड दोरीचे चार-पाच लहान गळ बसवायचे. पाण्यात गोळा हळूहळू विरघळतो, त्याचा वास पसरतो, आणि कटला तो चोखू लागला की एखादा गळ त्याच्या ओठात रुततो.

एकाच जागी रोज ठरावीक वेळी थोडे खाद्य टाकावे लागते. माशांना त्या जागेची सवय होते. काठावर मोठ्याने बोलू नये, पाय आपटू नये, पाण्यावर आपली सावली पडू देऊ नये. पहिले दोन दिवस बोया जागचा हलला नाही. गुरुजींनी एक आख्खे पुस्तक वाचून संपविले. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन किलोंचा रोहू मिळाला. चौथा दिवस पुन्हा कोरडा गेला. रात्री थंड वारा सुटला होता आणि पाणी गारठले की कार्प खाणे कमी करतो.

पाचव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास बोया एकदा बुडाला, वर आला, आणि मग आडवा होऊन सरळ आत गेला. काठी वाकली. दोरी भराभर सुटू लागली. अन्ना ओरडले, “सोडा, सोडा, ओढू नका!” मासा बुडालेल्या झाडांकडे धावत होता. तेथे पोहोचला असता तर दोरी तुटलीच म्हणून समजा. अन्नांनी थर्मोकोलचा आपला तेप्पा पाण्यात लोटला, वल्ह्याने पाणी बडवीत ते झाडांच्या बाजूस गेले आणि मासा उलट फिरला. पाऊण तास ही ओढाताण चालली. शेवटी रुपेरी कुशीचा, काळ्या पाठीचा, प्रचंड डोक्याचा कटला काठाशी आडवा झाला. वजन भरले अकरा किलो. अन्नांनी त्याच्या खवल्यांवरून हात फिरविला आणि म्हणाले, “याने पाच पावसाळे पाहिलेत.” म्हणजे २०२२ च्या त्या महापुरातही, उघड्या दरवाजांतून वाहून न जाता, हा मासा येथेच तग धरून राहिला होता! त्या संध्याकाळी त्याचे वाटे वस्तीतील अकरा घरांत गेले. चिंच आणि लाल मिरची घातलेले ते कालवण भाताबरोबर खाताना आपल्या घरच्या आंबट तिखटाची आठवण झाली.

बारीक जाळ्याचा प्रश्न

मासा मिळाल्याचा आनंद मोठा. परंतु आमच्या मनात घर करून राहिली ती सहाव्या दिवसाची सकाळ. अन्ना आणि त्यांचा मुलगा पहाटे जाळी काढून आले होते. कांडाळ जाळी दोन प्रकारची होती. एकीचा आस मोठा, तळहाताएवढा. दुसरी, मुलाने नवीन आणलेली, बारीक आसाची. मोठ्या जाळीत चारच मासे होते, पण प्रत्येक दोन-तीन किलोंचा. बारीक जाळीत टोपलीभर मासळी होती. बहुतेक पाव किलोचे रोहू आणि कटले, गेल्या पावसाळ्यानंतर सोडलेली बोटुकली.

अन्ना काही वेळ टोपलीकडे पाहत राहिले. मग जी पिले अजून तोंड हालवीत होती, ती एकेक करून त्यांनी पाण्यात सोडली. मुलगा गप्प उभा होता. मग तो हळूच म्हणाला, “बापू, पोरीच्या शाळेची फी पुढल्या आठवड्यात भरायची आहे. मी नाही धरले तर पलीकडच्या काठचे धरतील.”

अन्नांनी रागावून उत्तर दिले नाही. ते म्हणाले, “चार मासे मिळून आज एक किलो भरतात. ते दोन वर्षे पाण्यात राहिले आणि त्यातले दोनच जगले, तरी पाच किलो भरतील. बाजारात मोठ्या माशाला किलोमागे भावही जास्त. हे पोरीच्या फीचेच पैसे आहेत रे, फक्त ते अजून पाण्यात आहेत.”

मुलाचेही खोटे नव्हते. फी पुढल्या आठवड्यातच भरायची होती. दोन वर्षांनी नव्हे. आणि पाणी सर्वांचे असले म्हणजे एकट्याचा संयम पुष्कळदा दुसऱ्याच्या टोपलीत जातो. म्हणून आसाचा नियम घरोघर ज्याच्या त्याच्या मनावर सोडून चालत नाही. तो साऱ्या काठाने मिळून पाळावा लागतो. त्या सकाळी बापलेकांत काही निकाल झाला नाही. बारीक जाळी झोपडीच्या छपरावर वाळत पडली होती. आम्ही निघालो त्या दिवशीही ती तेथेच होती.

दूरदेशीचे तलाव

या प्रश्नाला इतर देशांनी काय उत्तर दिले, हे पाहण्यासारखे आहे. मध्ययुगीन युरोपात उपवासकाळात मांस वर्ज्य असे. म्हणून मठांतील संन्याशांनी आपल्या आवारात तळी खोदून कार्प पाळण्यास सुरुवात केली. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, त्रेबोन गावाच्या परिसरात शेकडो तळी आहेत. त्यांतील रोझंबर्क नावाचे सर्वांत मोठे तळे १५९० साली पुरे झाले आणि ते आजही वापरात आहे. तेथे कार्प तीन-चार वर्षे वाढल्याशिवाय बाजारात आणीत नाहीत. शरद ऋतूत तळ्याचे पाणी सोडून मासे काढतात आणि नाताळच्या पूर्वसंध्येला घरोघर तोच मासा शिजतो. त्याचे एक खवले पैशाच्या पाकिटात जपून ठेवतात, म्हणजे वर्षभर पैसा टिकतो, अशी तिकडची समजूत आहे. चारशे वर्षांपूर्वी बांधलेले तळे आजही मासे देते, याचे रहस्य त्या खवल्यात नाही. लहान मासा काढायचा नाही, या शिस्तीत आहे.

इंग्लंडमध्ये तर कार्प धरणे हा मोठा छंद होऊन बसला आहे. १३ सप्टेंबर १९५२ रोजी रिचर्ड वॉकर या गृहस्थाने रेडमायर नावाच्या तळ्यात ४४ पौंडांचा कार्प धरला. त्याने तो मारला नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला दिला. तेथे तो १९७१ पर्यंत जगला आणि हजारो लोकांनी त्याला पाहिले. आज तिकडचे छंदी लोक मासा धरतात, वजन करतात आणि परत सोडतात. पोटासाठी मासा धरणाऱ्या अन्नांना हे ऐकून हसू आले. ते म्हणाले, “एवढा मोठा झाल्यावर सोडून काय करायचे? लहान असताना सोडावा, मोठा झाल्यावर खावा.” मच्छीमाराचा सारा धर्म या एका वाक्यात आला, असे आम्हाला वाटते.

आपल्या किनाऱ्यावर

कडेमचे पाणी आपल्यापासून दूर आहे. पण ती टोपली दूर नाही. आपल्याकडेही बारीक आसाच्या जाळ्यांत हाताच्या पंजाहून लहान पापलेटे येतात आणि बाजारात वाट्यांनी विकली जातात. २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा म्हणून मान दिला, तो काही केवळ कौतुकापोटी नाही. हा मासा कमी होत चालला आहे, म्हणून. जून-जुलैच्या बंदीचे दिवस पाळणे कोळ्यांच्या हाती आहे, तसे पंजाएवढे पापलेट न घेणे आपल्या घरातील बाजारहाट करणाऱ्यांच्या हाती आहे. विकत घेणारा मिळाला नाही, तर बारीक जाळे आपोआप छपरावर वाळत पडेल.

कडेमला गेलो तेव्हा आम्हाला मोठा मासा पाहायचा होता. तो पाहिला, खाल्ला आणि त्याचे वजनही लक्षात राहिले. परंतु मोठा मासा म्हणजे काय, हे त्या रिकाम्या होत जाणाऱ्या टोपलीने शिकविले. अकरा किलोंचा कटला म्हणजे पाच वर्षांपूर्वी कोणाच्या तरी जाळ्यात न आलेला किंवा कोणाच्या तरी हातून परत पाण्यात गेलेला एक बोटभर मासा. ज्याने तो सोडला, त्याला तो पुन्हा दिसलाही नसेल. त्याचा वाटा त्या संध्याकाळी अकरा घरांनी खाल्ला, आणि त्यांच्याबरोबर आम्हीही.